हात न भिजवता घरकामातले जाणकार कसे व्हाल?

घरकामातला जाणकार म्हणून गावात नाव काढायचं असेल तर एक नियम पक्का पाळा. सल्ला नेहमी बसून द्यायचा. उभ्या माणसाच्या हातात कोणी ना कोणी पातेलं देतंच. आपल्या वऱ्हाडात यासाठी ओसरीतल्या बाजेसारखी जागा नाही. तिथून सैपाकाची खोली दिसते, फोडणीचा वास येतो आणि खकाणा येत नाही. हाती मोबाइल असला तर उत्तमच. पूर्वी जाणकार व्हायला केस पिकावे लागत, आता रिचार्जवर भागतं.

सुरुवात वरणापासून करा. तुमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात असेल, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात जिथं विहिरीला पाणी लागलं तरी माणूस हरखत नाही, तर तुमच्याकडे तुरीची डाळ कुकरच्या शिट्ट्यांमागून शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणाच राहत असणार. आता खरं कारण असं की, अशा जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. हे कारण तुम्ही विसरून जा. पाण्याला बोलून काय मिळणार? पाणी तोंड पाडत नाही. 'माझ्या आईच्या हातची डाळ कशी लोण्यावाणी व्हायची' हे वाक्य मात्र ताट वाढून होताच म्हणावं. आई डाळीपुरतं गोडं पाणी दुरून डोक्यावर आणायची आणि त्या हंड्याला कोणाला हात लावू द्यायची नाही, हा तपशील वाक्यात घालू नये. वाक्य लांबतं आणि पुढचा हंडा कोण आणणार असा प्रश्न निघतो.

बायको म्हणेल, डाळ आधी भिजवू द्या, चिमूटभर सोडा घालू द्या, चिंच शेवटी टाकू द्या. तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. भिजल्यानं डाळ लवकर शिजते, सोड्यानं पेक्टिन सैल होतं आणि आंबट आधी पडलं तर दाणा आणखी हटून बसतो. म्हणूनच लगेच 'हो' म्हणू नका. संध्याकाळी पारावर हीच माहिती स्वतःची म्हणून सांगा. तिथं ती जास्त चालते.

त्यानंतर भाकर. भाकरीवर बोलण्याचा अधिकार पुरुषाला जन्मानेच मिळालेला असतो, थापण्याचा तेवढा मिळायचा राहून गेला. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, कारण त्यात ग्लूटेन नाही. म्हणून उकळतं पाणी घालून पीठ मळावं लागतं, त्या उष्णतेनं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकर हातावर फिरते. दळण जुनं झालं, पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा गुण, गेली, की थापता थापता भाकर फाटते. म्हणजे थोडं थोडं दळण वरचेवर आणायला पाहिजे आणि चक्की गावाच्या दुसऱ्या टोकाला. तर भाकर फाटलेली दिसली की दळणाचा विषय काढू नये. डबा उचलून तुमच्याच हातात येईल. 'आजकालच्या पोरींच्या हाताला वळण नाही' एवढं पुरे.

भाकरीसोबत आरोग्यावर बोलावं, याला सध्या मोठा भाव आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, भारतानं तो प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला होता, आणि आपल्या ज्वारीला 'श्री अन्न' म्हणू लागले. तेव्हापासून पारावर गव्हाला कोणी विचारत नाही. पोळी वाढली की ताट मागं सरकवून म्हणावं, 'मले भाकर पाह्यजे.' मात्र वावरात सोयाबीनच पेरावं. ज्वारी पेरली की कणसावर पाखरं, धांड्यावर रानडुकरं आणि बाजारात भाव नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यात खोटं काही नाही. कधी काळी विदर्भाच्या शिवारात ज्वारी डोक्याच्या वर उभी राहायची, कडबा गुरांना पुरून उरायचा. ती तुम्ही आम्हीच मोडली, तेही पोटासाठीच. पण हा हिशेब ताटावर मांडायचा नसतो. वावरात नसलेली ज्वारी घरात का नाही, याचा जाब चुलीजवळच विचारावा, तिथलं माणूस हातातलं काम टाकून उठत नाही.

कधी बायकोचं उलट उत्तर येईल. 'मंग पुढल्या साली पेरजा न एक एकर, मी थापतो भाकरी.' असं झालं तर मोबाइलकडे पाहावं आणि 'अरे बापरे' म्हणावं. कशाबद्दल म्हणालात हे कोणी विचारत नाही.

रूप, केस, साबण याविषयी थोडक्यात. खारं पाणी साबणाचा फेस होऊ देत नाही, त्याचा चिकट मळ बनून अंगावर आणि बादलीला बसतो, केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घेतले तर फरक पडतो. ते दोन तांबे घरात कोणाच्या वाट्याचे, हे तुम्ही ठरवून मोकळे झालेलाच आहात. लग्नसराईत मिशीला काळी मेंदी लावायची असेल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचू नका. नुसत्या मेंदीनं केस काळे होत नाहीत, तांबडे होतात. काळा रंग बहुधा पीपीडी नावाच्या रसायनामुळं येतो आणि काहींना त्याचं वावडं असतं. म्हणून कानामागे थोडी लावून ४८ तास थांबायला सांगतात. पण वरात उद्याच आहे. लावा. ओठ सुजला तर फोटोत मिशी भरदार दिसेल.

रूपाच्या बाबतीत खरा मान बैलाचा, आणि इथं मात्र मी उपरोध बाजूला ठेवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी जो माणूस बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं त्याच्या कानाशी म्हणतो, दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन धुतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो, त्याला निगा म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. त्याला सगळं येतं. पुरणाच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईची पाठ त्या दिवशी दुखते की नाही, एवढंच त्याला दिसत नाही, कारण तिला झूल नसते. बरं, उपरोध परत घेतो.

उन्हाळ्यात कूलर. पारा ४५ च्या वर गेला की कूलरचं तोंड जाणकाराकडं असावं, हे ठरलेलंच. टिनाखालच्या सैपाकाच्या खोलीत कूलर का नाही म्हणून कोणी विचारलं तर 'ज्योत इझते' असं सांगावं. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणून त्याला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली ओली हवा जायला खिडकी उघडी लागते. तुम्ही दारं-खिडक्या लावून घ्या. गारवा बाहेर जाऊ नये ही काळजी तुमच्यासारख्या जबाबदार माणसाला असणारच. अंग चिकचिकलं की कंपनीला बोला. टाकीतलं पाणी आठवड्याला काढून, आतून घासून, कोरडी करावी लागते. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, ती टाकीच्या कडेला चिकटून राहतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हे काम कोणाचं, यावर चर्चा घ्यावी. चर्चा आठ-दहा दिवस चालवावी. भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो असेलच, हातातल्या खराट्यासकट. त्याला हार घालावा. खरा खराटा दाराआड असतो, तिकडं नजर गेली तरी थांबू देऊ नये.

छंदांविषयी लोक उगाच घोळ घालतात. पुरुषानं केलं तो छंद, बाईनं केलं ते काम, इतकं सोपं आहे. ती उन्हात माळवदावर कुरोड्या, पापड, सरगुंडे वाळत घालते, पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवते, दुपारभर पाखरं हाकलते, त्याला छंद म्हणायचं नाही. तुम्ही वर्षातून एकदा वावरात रोडगे करता, तो छंद. रोडग्यांचं सगळं रीतसर व्हायला हवं. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, पदरावर पदर घालून वळलेले गोळे, गोवऱ्यांचा जाळ उतरून झालेला निखारा, वरून राखेचं पांघरूण, मग फडक्यानं झटकून फोडायचे आणि तूप. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. हे सगळं तुम्ही करता, गावभर फोटो जातात आणि 'कोनाच्या हातचे हायेत' असं लोक खरोखर विचारतात. कणीक घरून मळून आली, वांगी घरून चिरून आली, मसाला पाट्यावर वाटून डब्यात आला, गोवऱ्या कोणी थापल्या होत्या ते कोणाला आठवत नाही. तुम्ही निखारा हलवला. श्रेय निखारा हलवणाऱ्याचं. राखेनं काळे झालेले गंज, म्हणजे पातेली, मात्र तिथंच धुवू नयेत, नाल्याचं पाणी घाण होतं. पर्यावरणाचा विचार करून ते घरी न्यावेत आणि न्हाणीजवळ ठेवून झोपावं.

आता अवघड भाग. कधी तरी ती माहेरी जाईल. आखाजीला, भाचीच्या लग्नाला, कशालाही. पहिल्या दिवशी मुरमुरे, दुसऱ्या दिवशी शेजारचं बोलावणं, तिसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकावंच लागेल. मीठ कुठल्या डब्यात आहे याचा अंदाज घेऊ नका, सोडाही तसाच दिसतो. फोन करा. पण 'मीठ कुठी ठेवलं?' असं थेट विचारून पत घालवू नका. आधी सासऱ्याची तब्येत, मग पावसापाण्याचं, मग सहज, 'तुह्या त्या डब्यांचा काही भरवसा नाही बावा' असं म्हणा. ती हसेल आणि सांगेल. मग म्हणेल, 'उद्याच येऊ काय?' लगेच 'हो' म्हणू नका. 'राह्य न, काहून घाई करतं, आनखी दोन दिस राह्य' असं भरल्या गळ्यानं म्हणा आणि त्याच दमात सांगून टाका की सकाळची एसटी साडेसहाला आहे.