नागपुरात महासागर

मुंबईच्या मुलांना महासागर शिकवणे सोपे असावे. हात धरून चौपाटीवर न्यावे आणि समोर बोट दाखवावे. नागपुरात मुलांनी पाहिलेला पाण्याचा सर्वांत मोठा पसारा म्हणजे अंबाझरी तलाव, आणि मे महिन्यात तोही काठापासून मागे सरकलेला असतो. अशा गावी सुट्टीत आलेल्या भाचरांना महासागर शिकवण्याचे काम ताईने माझ्यावर सोपवले.

पहिली अडचण संख्येची. माझ्या वडिलांच्या मते समुद्र सात, मी शाळेत पाठ केले ते महासागर चार आणि भाचीच्या म्हणण्यानुसार पाच. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराला नॅशनल जिऑग्राफिकने २०२१ साली आपल्या नकाशांत पाचवा महासागर म्हणून स्थान दिले, असा निवाडा मी केला. त्यावर "अजून दोन बाकी आहेत, तेही सापडतील," असे म्हणून वडिलांनी पेपर उघडला.

खोलीचे प्रकरण त्याहून अवघड निघाले. मारियाना गर्ता सुमारे ११ किलोमीटर खोल असून तिच्यात एव्हरेस्ट ठेवले तरी शिखरावर दोन किलोमीटर पाणी उरेल, हे मी मोठ्या आवेशाने सांगितले. "पण मामा, ठेवणार कोण?" एवढेच भाच्याने विचारले.

खारटपणा मात्र त्याला पटला. पाऊस खडकांतले क्षार विरघळवतो, नद्या ते समुद्रात नेतात, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागेच राहतात. हे कोट्यवधी वर्षे चालल्याने आज लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आहेत. एरवी गणिताचे नाव काढताच पोट दुखणाऱ्या या मुलाने कूलरच्या चाळीस लिटरच्या टाकीला चौदाशे ग्रॅम लागतील असा अचूक हिशेब केला आणि दुपारी सगळे झोपले असताना स्वयंपाकघरातले मीठ तिच्यात ओतले.

ताईने पंपाच्या काळजीने घाईघाईने टाकीचे बूच काढले. पाणी नालीकडे धावताना पाहून भाच्याने विचारले, "हे कुठं जाते?" शिकवण्याची संधी सोडवेना, म्हणून मी नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते, पुढे तीच प्राणहिता होऊन गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोहोचते, असा सगळा मार्ग सांगितला.

"म्हणजे आता समुद्र आपल्या मिठानं आणखी खारट होईन ना?"

"होऊ दे," ताई म्हणाली, "पण आज वरणात काय घालू, ते मामालाच विचार."