"देव दुप्पट देईल" असं तिला सांगू नका

आत्ताच एका अंत्यविधीहून आलेय. कपडेही न बदलता लिहायला बसलेय, कारण आत सगळं धुमसतंय. नऊ वर्षांचं लेकरू गेलं. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एक बाई तिचा हात धरून ठामपणे म्हणाल्या, "रडू नकोस गं. ईयोबाला देवाने सगळं दुप्पट परत दिलं, तुलाही देईल."

दुप्पट काय देईल? मुलं?

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक नीट वाचा हो. दहाही मुलं आणि सगळी मालमत्ता गमावलेल्या माणसाची गोष्ट ती. मेंढरं ७,००० होती ती १४,००० झाली, उंट ३,००० चे ६,००० झाले. मुलं मात्र आधी सात मुलगे, तीन मुली, आणि नंतरही तेवढीच. ती दुप्पट झाली नाहीत. मला तर वाटतं, पहिली दहा देवाच्या हिशेबातून कधी वजा झालीच नव्हती. आणि ईयोबाला उपदेश करकरून ज्या मित्रांनी बेजार केलं, त्यांच्यावर देव संतापला, हेही त्याच शेवटच्या अध्यायात आहे. सुरुवातीचे सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच काय ते त्यांचं बरं.

त्या बाईंच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. पण लागायचं ते लागतंच.

हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मला असली वचनं रोज ऐकवली जायची. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई देव करेल, हे योएल संदेष्ट्याचं वचन तर इतक्यांदा ऐकलं की कान मिटून घ्यावेसे वाटायचे. मी प्रार्थना सोडली होती. अंथरुणातून उठत नव्हते. आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी दर गुरुवारी यायच्या. वचन नाही, उपदेश नाही. पडलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या, थोडा वेळ बसायच्या, जायच्या.

नोव्हेंबरात एकदा त्यांनी माझ्या उशाशी पुढच्या वर्षाची डायरी ठेवली. मला पुढचा आठवडा नको होता, आणि ह्यांनी अख्खं वर्ष आणून ठेवलं! जूनमधल्या एका तारखेवर त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'आज माझ्याकडे यायचं.' मी ओरडले त्यांच्यावर. डायरी भिंतीवर फेकली. त्यांनी ती उचलली, पान सरळ केलं आणि परत तिथेच ठेवली.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय मला त्यानंतर कळला. यरुशलेमेला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडलेला. शहर पडणार हे यिर्मयाच सांगत होता, म्हणून राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेलं. आणि तिथे बसून हा माणूस चुलतभावाकडून अनाथोथ गावातलं शेत विकत घेतो! १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. का? तर या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देव म्हणाला म्हणून. पुढे त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं गेलं. त्या शेतातलं पीक त्याने कापल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

मावशींची डायरी म्हणजे ते मडकं होतं. माझ्यात विश्वासाचा कणही नव्हता, तेव्हा माझ्या वतीने त्यांनी खरेदीखत करून ठेवलं होतं.

जूनमध्ये मी गेले. आनंद वगैरे काही झाला नव्हता, नुसती गेले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांचाही उपयोग झाला, हेही सांगते. 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

आणि मग पुन्हा राग येतो. पुनर्स्थापना म्हणजे गेलेलं सगळं जसंच्या तसं हातात, असं आपण कुठून शिकलो? बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक उद्ध्वस्त झालेल्या मंदिराचा पुन्हा पाया घालतात. पुष्कळ जण जयघोष करतात आणि ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते म्हातारे मोठमोठ्याने रडतात. रडणं कुठलं नि जयघोष कुठला, लोकांना वेगळं ओळखता येत नव्हतं. त्या म्हाताऱ्यांना कुणी गप्प केल्याचं तिथे नाही. देवाने केलेली पुनर्स्थापनाच होती ती, आणि तिच्यात रडायला जागा होती.

मला आज हसू येतं, गाता येतं. ह्यांची आठवण आली की अजून घसा दाटतो. दोन्ही त्याच देवासमोर.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. त्यांची डायरी माझ्या बायबलशेजारी आहे, कोपरा दुमडलेला, भिंतीवर आपटला होता तो.

येत्या गुरुवारी मी त्या आईकडे जाणार आहे. घरात कपडे पडले असतील तर घड्या घालीन.