बिल कुणाचं, हे भाषेला कसं कळणार?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

आज दुपारी पेनटेस्टचा, म्हणजे मुद्दाम हल्ला करून छिद्रं शोधणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला. चौदा महिने खपून आम्ही जी सिस्टिम पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतून काढून गो या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिली, तिचा. पहिल्याच पानावर लाल अक्षरात: लॉगिन केलेल्या कुठल्याही ग्राहकाने बिलाच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचं बिल उघडतं. नाव, पत्ता, फोन, सगळं समोर. ४५१७ काढा, ४५१८ टाका, झालं. याला हॅकर लागतच नाही, रिकामा वेळ असलेला कुणीही चालतो.

कॉलवर आम्ही अकरा जण. साहेबांनी अगदी साधेपणाने विचारलं, "पण आपण भाषा सिक्युरिटीसाठीच बदलली होती ना?"

शांतता. सगळे म्यूटवर. मग आमच्या आर्किटेक्टने घसा खाकरला आणि म्हणाला, "सर, हा भाषेचा प्रश्नच नाही. बिल मागणाऱ्याचंच आहे का, हा चेक डेव्हलपरने टाकलेला नाही."

इथे माझं डोकं फिरलं. याच गृहस्थाने दीड वर्षापूर्वी पीएचपी किती असुरक्षित आहे यावर वीस स्लाइड दाखवल्या होत्या. तेव्हा दोष भाषेचा, कारण ती भाषा दुसऱ्या कुणी निवडलेली. आता भाषा याने निवडलेली, म्हणून दोष डेव्हलपरचा. आणि हा डेव्हलपर कोण? टीममधली सगळ्यात नवी मुलगी. ती म्हणाली, "सॉरी सर, माझ्याकडून राहिलं." तेवढंच.

तो कोड मुळात कुणी लिहिला होता, ते सांगतो पुढे. आधी माझी चिडचिड संपू दे.

"भाषा बदला, सुरक्षित व्हा" हे लोकांच्या डोक्यात कोण भरवतं? तुम्ही सगळे याच धंद्यातले आहात, डिसेंबर २०२१ कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. लॉगफोरशेल नावाचं ते छिद्र. जावा! मेमरी सांभाळणारी, टाइप तपासणारी, बँकांची लाडकी जावा. एका लॉगिंग लायब्ररीला (प्रोग्रॅमची नोंदवही, म्हणजे लॉग, लिहिणाऱ्या तयार कोडला) लॉगमध्ये आलेला मजकूर नुसता लिहून ठेवणं पुरेसं वाटेना, त्यातला पत्ता वाचून ती बाहेर जाऊन कोड आणून चालवू लागली. यात भाषेचा काय दोष? कुणीतरी हे फीचर म्हणून मागितलं होतं, कुणीतरी ते मन लावून लिहिलं होतं, कुणीतरी मूळ कोडमध्ये मर्ज केलं होतं. माणसांनी.

बरं, सी आणि सी प्लस प्लस या मेमरी प्रोग्रॅमरवर सोडणाऱ्या भाषांचं मान्य. मायक्रोसॉफ्ट आणि क्रोम, दोघांनीही आपल्या गंभीर छिद्रांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मेमरीच्या गोंधळातली असतात असं सांगितलंय, आणि २०१४ चं हार्टब्लीड हे छिद्र म्हणजे लांबी न तपासता शेजारची ६४ केबीपर्यंत मेमरी परत पाठवणं होतं. तिथे भाषा बदलून फरक पडतो. पडतोच. पण आमची बिलं काही मेमरीतून सांडली नव्हती. सर्व्हरने ती व्यवस्थित, नीटनेटकी, जेसन या डेटाच्या साच्यात घडी घालून हातात दिली. मागितली म्हणून.

बिल कुणाचं आहे, हे गो ला माहीत नाही. रस्टला माहीत नाही. पीएचपीला तर नव्हतंच.

(चहा करून आलो. आता जरा शांत आहे.)

वरचं पुन्हा वाचलं. मी अर्धंच बोलतोय. कारण पीएचपीची मी एवढी तरफदारी करतोय, पण तिच्याबरोबर मीच किती भोगलंय! नवीन पोरांना रजिस्टर ग्लोबल्स सांगितलं तर त्यांना मी गंमत करतोय असं वाटतं. लिंकमध्ये प्रश्नचिन्हापुढे जे लिहाल ते थेट प्रोग्रॅममधलं व्हेरिएबल व्हायचं. तुमच्या कोडमध्ये 'अ‍ॅडमिन' नावाचं व्हेरिएबल असेल आणि तुम्ही त्याला सुरुवातीची किंमत दिली नसेल, तर बाहेरचा माणूस लिंकमधून देऊन मोकळा. हे डीफॉल्ट होतं! २००२ मध्ये डीफॉल्ट बंद केलं आणि भाषेतून पुरतं हद्दपार व्हायला २०१२ उजाडलं. आता अशा भाषेत एखादा घसरला तर त्याला "तू बेजबाबदार" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रस्त्यात खड्डा खणायचा आणि पडणाऱ्याला चालता येत नाही म्हणायचं, असं झालं ते.

एसक्यूएल इंजेक्शनचंही, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर डेटाबेसला आज्ञा म्हणून चालण्याचंही, तेच. १९९८ पासून लोकांना ठाऊक. पण शिकवण्यांमध्ये वर्षानुवर्षं काय शिकवलं? मजकुराच्या स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडा आणि डेटाबेसला विचारायची क्वेरी चालवा. एक ओळ. बरोबर पद्धतीला चार ओळी. माणूस एकच ओळ लिहिणार, मीही लिहायचो. ओवॅस्प या संस्थेच्या वेबवरच्या धोक्यांच्या यादीत इंजेक्शन २०१० ला पहिलं, २०१३ ला पहिलं, २०१७ ला पहिलं, आणि २०२१ ला एकदम तिसरं. आपण सगळे अचानक शहाणे झालो का? छे. फ्रेमवर्कनी, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यांनी, चुकीची वाट लांबची करून ठेवली, एवढंच. रिअ‍ॅक्टमध्ये कच्चं एचटीएमएल घुसवायचं असेल तर प्रॉपर्टीच्या नावातच 'धोकादायक' टाइप करावं लागतं. मला ते फार आवडतं. हात आपोआप थांबतो.

म्हणजे भाषा आणि फ्रेमवर्क करणाऱ्यांचा वाटा आहे. घ्या, म्हणालो.

पण २०२१ च्या त्याच यादीत पहिलं कोण आलं? ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, हक्क नसताना दुसऱ्याचं बघता येणं. म्हणजेच आमचं ४५१८.

आता सांगतो. तो कोड माझा आहे.

२०११. मी तेव्हा त्या मुलीएवढाच होतो, आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. टीममधले बाकीचे स्ट्रिंगा जोडत होते तेव्हा मी ती बरोबर पद्धत, प्रिपेअर्ड स्टेटमेंट, वापरली होती, आणि महिनाभर छाती काढून फिरलो होतो. लिंकमधला आकडा घ्यायचा, क्वेरीत सुरक्षितपणे बांधायचा, डेटाबेसमधली जी ओळ येईल ती दाखवायची. कुठेही इंजेक्शन नाही. डेटाबेसने माझा प्रश्न अगदी बरोबर समजून घेतला. प्रश्नच अर्धवट होता. "हे बिल दे" म्हणालो, "या माणसाचं असेल तर दे" म्हणालोच नाही. बिलाची लिंक ज्याची त्याला मेलने जाते, तर आकडा बदलून बघायचं कुणाला सुचेल, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

चौदा वर्षं कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि आम्हाला कळलं नाही. हे दुसरं वाक्य लिहिताना पोटात गोळा आलाय.

आणि नव्याने लिहिताना काय झालं? "वागणूक अजिबात बदलायची नाही, जुनं जसं चालतं तसंच नवं चालायला हवं." हे कागदावर आहे. त्या मुलीने तेच केलं. जुन्या आणि नव्या सर्व्हरला एकाच विनंत्या पाठवून उत्तरं ताडून पाहणाऱ्या टेस्ट होत्या, आणि त्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. असणारच. दोन्ही सर्व्हर सारख्याच इमानदारीने कुणाचंही बिल कुणालाही देत होते. माझं छिद्र तिने इंचभरही न हलवता गो मध्ये आणलं. रिव्ह्यू कुणी केला? दोघांनी. त्यातला एक मी.

कुणी म्हणेल, टाइप असे रचता येतात की मालक तपासल्याशिवाय बिल हातातच येणार नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर ९.५ आवृत्तीपासून ओळीपातळीवरच पहारा बसवता येतो. येतो ना! पण बसवा असं म्हणणारा माणूस लागतो. आमच्याकडे तो माणूस मी असायला हवा होतो. अकरा जणांच्या त्या कॉलवर ती पोर सॉरी म्हणाली तेव्हाही मी म्यूटवरच होतो. आर्किटेक्टला वर एवढं झोडपलं, पण तो निदान बोलला तरी.

मघाशी चहा ठेवला तेव्हाच तिला मेसेज केला होता. जुन्या कोडच्या रेपोतली ती फाइल, ती ओळ, आणि खाली, "हे २०११ मध्ये मी लिहिलंय. तुझं काही राहिलेलं नाही. उद्या सकाळी साहेबांना मीच सांगतो."

आत्ता उत्तर आलं:

"माहितीये सर. पोर्ट करताना गिट ब्लेममध्ये कुठली ओळ कुणी लिहिली ते बघितलं होतं. चेक नाहीये हे दिसलं होतं मला. पण तुमचं नाव होतं, म्हटलं काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल."