हॉर्न मारू नका, वारं सुटलंय

आज सकाळी कोल्हापुरात, पंचगंगेवरच्या शिरोलीच्या पुलावर एक गाडीवाला काच खाली करून माझ्यावर ओरडला, "ए बाई, पिऊन चालवतीस काय?" अजून अंगाची लाही होतेय.

आठ वर्षं झाली, रंकाळ्यावरनं शिरोली एमआयडीसीत सायकलनं कामाला जाते. पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेचं. सकाळी गावातनं जाताना ते पाठीवर असतं, पायडल हलकं लागतं. पण तावडे हॉटेल सोडून हायवेला लागलं की तेच वारं डावीकडनं येतं. पुलावर आडोसा कसलाच नाही. झोत आला की सायकल हातभर उजवीकडं सरकते, म्हणजे थेट गाड्यांच्या अंगावर. शेजारनं ट्रक गेला की आत ओढल्यासारखं होतं. आणि नेमका तेव्हा मागनं हॉर्न! हॉर्ननं वारं थांबतंय होय?

संध्याकाळी तर ते तोंडावरच. पहिल्याच वर्षी, आषाढात, तावडे हॉटेलपाशी मी रडकुंडीला येऊन सायकल ढकलत होते. फाउंड्रीतनं सुटलेले एक काका थांबले. कॅरिअरला डबा बांधलेला, अंगावर भट्टीची काजळी. म्हणाले, "पोरी, माझ्या मागनं ये. वारं मी घेतो."

वारं घेणं म्हणजे काय, हे गाडीत बसून कळत नाही. तुम्ही १५ च्या वेगानं चाललाय आणि समोरनं वारंही १५ चं असलं, तर हवेचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. दिवसभर राबून आलेल्या त्या माणसानं तो रेटा कावळा नाक्यापर्यंत माझ्यासाठी अंगावर घेतला. ओळख ना पाळख.

हायवेवर सायकल आणूच नये, असं कुणीतरी लिहिणारच. धोका आहे, मान्य. पण सायकलशिवाय ज्यांच्याकडं काही नाही, त्यांनी शिरोलीला जायला नदी कुठनं ओलांडायची?

पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती, ते मोबाईलवर बघत असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, पोरासोरांना पाठ. नदीचं एवढं ध्यान ठेवणारी माणसं आपण. शेजारच्या सायकलवाल्याला चार हात जागा सोडायला काय होतं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या गाडीवाल्याला कदाचित खरंच कळलं नसेल. काच बंद असली की वारं ऐकूपण येत नाही. काकांना मात्र न सांगता कळलं होतं. नाक्याला पाय टेकून म्हणाले, "जा आता, हितनं घरांचा आडोसा हाय." मी नावसुद्धा विचारलं नाही, याची हुरहुर अजून आहे.

उद्या सकाळी साडेआठला मी पुलावर असणार. पिवळा रेनकोट आहे. हॉर्न न मारता जरा उजवीकडनं जावा.