बिया मोजायच्या की सूत्र सांगायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

आठवीच्या पोरांना संभाव्यता नाणी उडवून आणि सोयाबीनच्या बिया उगवून शिकवा, असं मी एका लेखात लिहिलं होतं. सर, त्यावर सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन. संभाव्यता दहावीला आहे, मग आठवीचे तास का घालवायचे? नाणं 10 वेळा उडवायला लावलं तर 7 छापे आले आणि पोरं म्हणाली, ‘सर, सूत्र खोटंय’. आणि सोयाबीन उगवून बघणं हे कृषी सहायकाचं काम, गणिताच्या मास्तरचं नव्हे.

नाण्याबाबत चूक माझ्या लेखाची आहे. ‘10 वेळा उडवा’ म्हटलं आणि पुढचं सांगायचं राहिलं. 10 फेकींत बरोबर 5 छापे येण्याची संभाव्यता 252/1024, म्हणजे जेमतेम पाव. 7-3 किंवा त्याहून एकतर्फी निकाल तर तीनांत एकदा येतोच. वर्गात 20 जोड्या असतील तर सातेक जोड्यांचं नाणं ‘खोटं’ ठरणार. म्हणून उडवण्याआधी प्रत्येक जोडीकडून अंदाज लिहून घ्या, मग सगळ्यांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडा आणि शेवटी बेरीज करा. 200 फेकींत छापे बहुतेक वेळा 86 ते 114 च्या दरम्यान पडतात. नुसती बेरीज लिहू नका. लहान नमुना किती हेलकावतो ते त्या रांगेतच दिसतं.

आता सोयाबीन. इथं मात्र मी मागे हटणार नाही.

दहावीचं सूत्र (हव्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती) समसंभाव्य, म्हणजे सारखीच शक्यता असलेल्या, निष्पत्तींपुरतंच खरं आहे. पुस्तकात तसं लिहिलेलं असतं, पण पोरं ते वाक्य ओलांडून थेट भागाकाराला लागतात. विचारा: बी उगवेल किंवा उगवणार नाही, निष्पत्ती दोन, मग उगवण्याची संभाव्यता किती? सूत्र घोकलेला मुलगा 1/2 लिहितो. त्याच्याच घरात 70 टक्क्यांपेक्षा कमी उगवणारं सोयाबीन पेरायचं नाही हे ठरलेलं असतं!

कृती अशी. घरच्या बियाण्याच्या पिशवीत हात खोल घालून, न निवडता 100 बिया घ्या. पोरं टपोऱ्या बिया वेचतात. इथंच अर्धे प्रयोग फसतात. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर 10 ओळी, ओळीत 10 बिया. वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत. गोणपाट ओलसर राहिलं पाहिजे, पाणी निथळायला नको. सोयाबीनचं साल पातळ, बी लगेच सडतं. सहा-सात दिवसांनी एकेका गटानं एकेक ओळ मोजायची. नुसती फुगलेली किंवा चिरलेली बी उगवलेली धरायची नाही, हे आधीच ठरवा, नाहीतर प्रत्येक गटाचा नियम वेगळा. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं वर्गात नकोच, त्यावर औषध असतं.

एका गटाला 5 मिळतील, दुसऱ्याला 9, पिशवी तीच. मग प्रश्न टाका: शंभरांत 66 उगवल्या तर बियाणं नापास का? खऱ्या 70 टक्क्यांच्या पिशवीतूनही 61 ते 79 पर्यंत काहीही निघू शकतं. बीज परीक्षण प्रयोगशाळेत 400 बिया लावतात, ते का, हे पोरं मग स्वतःच सांगतात. हे गणितच आहे, सर.

समसंभाव्यतेची चूक फक्त पोरांचीच असते असंही नाही. दोन नाणी उडवल्यावर दोन्ही छापे, दोन्ही काटे, एकेक, अशा तीन निष्पत्ती मानून 1/3 सांगणारे प्रत्येक वर्गात भेटतात. तशाच धाटणीची गफलत 1754 मध्ये दालंबेर या नामांकित फ्रेंच गणितज्ञानं छापून केली: दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता त्यानं 3/4 ऐवजी 2/3 काढली. यावर सोपा इलाज म्हणजे एक नाणं 1 रुपयाचं, दुसरं 2 रुपयांचं घ्यायचं. चार निष्पत्ती आपोआप वेगळ्या दिसतात.

तासांचं म्हणाल तर लावायला एक, मोजून चर्चेला एक. अपूर्णांक आणि शेकडेवारी आठवीला येतेच, नवं काही लागत नाही. जून हुकला तर ऑक्टोबरात हरभरा लावा. त्याचं उगवणीचं किमान प्रमाण 85 टक्के, त्यामुळे ओळीओळीतला फरक सोयाबीनपेक्षा कमी दिसेल. का, ते मात्र पोरांनाच शोधू द्या.