तारपावाला सरकवा

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर शंकर, साईबाबा, येशू आणि मक्का अशा टाइल्स ओळीने बसवलेल्या होत्या. सर्वधर्मसमभाव वगैरे काही नाही. थुंकणाऱ्याचा धर्म आपल्याला आधी कळत नाही, म्हणून सगळीकडून बंदोबस्त. तरी दोन टाइल्सच्या मधली जागा लालच असायची.

ही भिंत रंगवून घ्यावी, असं मी एजीएममध्ये सुचवलं. कोरम नव्हता म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली. मग तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसली आणि सभा कायदेशीर झाली. मी सांगितलं, वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळक्यांचं केवढं चित्र काढलं! २०१७ साली तर ससून डॉकमध्ये, मासळीच्या वासात, लोक चित्रं बघायला रांगा लावत होते. "वासाचं म्हणाल तर आपली कचराकुंडी आहेच," कोणीतरी मागून म्हणालं. ठराव मंजूर. 'सिंकिंग फंडाला', म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशाला, 'हात न लावता' एवढी पाचर खजिनदारांनी मारलीच.

वारली चित्र काढायचं ठरलं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर खजिनदार दचकले. "म्हणजे महाग असणार!"

डहाणूकडच्या एक चित्रकार ताई आल्या. भिंतीवर हात फिरवला तर पोपडाच हातात आला. आधी ओल काढा, मग प्रायमर, मग बघू, म्हणाल्या. मूळचं काम गेरूने सारवलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाने, टोक चावून कुंचला केलेल्या बांबूच्या काडीने होतं. इथे पावसात पीठ टिकणार नाही, तेव्हा बाहेरच्या भिंतीचा रंग आणा. "काडी मात्र आमचीच." सेक्रेटरींनी काडीचंही कोटेशन मागितलं.

खरी पंचाईत टाइल्सची. त्या काढायच्या कोणी? शंकराला छिन्नी लावायला गवंडी तयार होईना. वॉचमन त्या दिवशी गावाला गेला. मक्केच्या टाइलला हात लावायचा विषय निघाला तशी अख्खी कमिटी एकदम मोबाईलमध्ये बघू लागली. शेवटी 'टाइल्स आहेत तिथेच ठेवून कला करावी' असा ठराव झाला. ताईंनी काही न बोलता येशूच्या बाजूने भातलावणी सुरू केली आणि शंकराला वळसा घालून शेवट केला. एवढं शहाणपण आमच्या एकाही सभेत दिसलेलं नाही.

मधोमध तारपा नाच. तारपा म्हणजे भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं लांब वाद्य. मध्ये तारपावाला आणि भोवती हात गुंफलेली माणसं, वेटोळ्यात. नाचणारे तारपावाल्याकडे पाठ करत नाहीत, असं ताई सांगत होत्या. आमच्याकडे चेअरमनकडे पाठ न करणारा सभासद अजून जन्माला यायचाय.

चित्र रंगू लागलं तशा सूचना सुरू झाल्या. आजवर या भिंतीकडे ढुंकून न बघणारे आता खुर्ची टाकून बसत. बी विंगच्या काकू म्हणाल्या, "त्रिकोणाला त्रिकोण टेकवलाय नुसता, कंबर आहे का ती! सगळ्या उपाशी दिसतात." एकाला कोपऱ्यात बाप्पा हवा होता. एकाने नाचणारे मोजून सी विंगवर अन्याय झाल्याचं सिद्ध केलं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

तर, भिंत झाली. सुंदर झाली. थुंकणं बरंचसं थांबलं. मुली तिथे रील काढतात. आता भांडण पार्किंगचं आहे. डी विंगच्या काकांची गाडी नेमकी तारपावाल्यासमोर लागते आणि रीलमध्ये नाचणारे बोनेटभोवती फेर धरलेले दिसतात. तक्रार आल्यावर काकांनी लेखी अर्ज दिला: पार्किंगची जागा आपल्याला रीतसर अलॉट झालेली असल्याने तारपावाल्यास तीन फूट डावीकडे सरकवावे व त्याचा खर्च सोसायटीने करावा.

अर्ज दाखल करून घेतलाय. विषयपत्रिकेत टँकरच्या बिलानंतर आहे.