दोन धन्यांची चाकरी जमते हो, फक्त बाकांची व्यवस्था नीट लावा

सलाम मंडळी. मागच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण झाला आणि त्यात मला जे ज्ञान मिळालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही, म्हणून बसलोय टाईप करायला. शब्बाथ शाळेत आपल्या सगळ्यांकडून पाठ करून घेतलेलं असतं ना, मत्तय सहा चोवीस, कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देवाची आणि धनाची. मला त्यावर बक्षीस पण मिळालं होतं, एक पेन्सिल आणि खोडरबर. तर आता ते खोडरबर घ्या आणि ते वचन खोडा. करता येते चाकरी. आरामात येते. आमची मंडळी कित्येक वर्षं करतेय, दोन्ही धनी खुश आहेत, म्हणजे एक तर नक्की खुश आहे, दुसऱ्याला अजून कोणी विचारलेलं नाही.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी भाषा सुधारा. धनाला धन म्हणायचं नाही, आशीर्वाद म्हणायचं. नवीन गाडी आशीर्वाद, बायपासला प्लॉट आशीर्वाद, त्या प्लॉटचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत चार फूट सरकलं तर 'प्रभूने सीमा वाढवल्या'. आणि एखाद्याकडे पैसाच नसेल तर? त्याचा विश्वास कमी पडतोय, त्याच्यासाठी प्रार्थना करा, पण उसने देऊ नका.

दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, ग्रॉसवर द्यायचा की नेटवर, यावर चर्चा चालू ठेवा. चर्चा चालू आहे तोपर्यंत द्यावा लागत नाही.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं प्रभू म्हणाला, हा जरा अवघड भाग आहे, पण त्याचीही सोय झालीय. प्रत्येक कन्व्हेन्शनला कोणीतरी वक्ता सांगतोच की सुईचं नाक म्हणजे यरुशलेमातला एक बुटका दरवाजा होता, उंटाने गुडघे टेकले आणि पाठीवरचं ओझं उतरवलं की तो आत जायचा. त्या काळात असा दरवाजा होता याचा पुरावा आजपर्यंत कोणाला सापडलेला नाही, पण श्रीमंत मंडळींसमोरच्या प्रवचनात तो हमखास सापडतो. मला एकच कळत नाही, दरवाजाच होता तर ते ऐकून शिष्यांची एवढी का तंतरली? मग तारण कोणाचं होणार असं विचारलं त्यांनी. दरवाजा असता तर मोजमाप विचारलं असतं.

मोबाईलवरच्या उपदेशक भावांना विसरू नका. रात्री साडेदहाला लाईव्ह येतात, पांढरा सूट, खाली क्यूआर कोड. 'आत्ताच्या आत्ता एकवीसशेचं बीज पेरा, शंभरपट उचला.' पेरणाऱ्याचा दाखला आपल्या आज्जीला पण पाठ असतो आणि त्यात बी म्हणजे देवाचं वचन असं प्रभूने स्वतःच उलगडून सांगितलंय, लूक आठमध्ये आहे, पण वचन गुगल पे करता येत नाही ना. आमच्या गल्लीतल्या एकाने बचत गटातून उचलून पेरलं. हप्ता उगवला.

मुलीसाठी स्थळ बघताना बायोडेटात 'देवभिरू कुटुंब हवे' लिहा आणि फोनवर पहिला प्रश्न पॅकेजचा विचारा.

पोराच्या क्लासची टेस्ट रविवारी सकाळीच असेल तर टेस्टला पाठवा. देव दयाळू आहे, क्लासवाला नाही.

जमिनीचं काय, हे विचारणारच तुम्ही. मिशनऱ्यांनी शंभर दीडशे वर्षांपूर्वी ओसाड म्हणून घेतलेल्या जागा आता ऐन गावात आल्यात, त्याला ते तरी काय करणार. ट्रस्टची जमीन विकायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांच्या वर भाड्याने द्यायची तर सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. म्हणून करार अकरा महिन्यांचा करा, मग परत अकरा, मग परत अकरा, तोपर्यंत गाळ्यावर दुसरा मजला चढतो आणि चिंचेची झाडं आपोआप वाळतात. कमिटीत दोन पार्ट्या असल्या तर फारच छान. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी दोन्ही पार्ट्या वेगवेगळी उपवास प्रार्थना ठेवतात आणि दोघांनाही प्रभूने विजयाचा शब्द दिलेला असतो. वकील मात्र दोघांकडूनही रोख घेतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. बाकांची व्यवस्था.

हंगामाचा सण मला मनापासून आवडतो, खोटं कशाला बोलू. दाराला बांधलेले ऊस, वेदीपुढे ज्वारीची कणसं, वांगी, भोपळे, आणि पाय बांधलेला एक कोंबडा जो बरोबर प्रार्थनेच्या मध्येच ओरडतो आणि पोरं, कोंबडा आरवायच्या आत प्रभूला नाकारणाऱ्या पेत्राकडे बघावं तसं, सेक्रेटरीकडे बघतात. आणि मग लिलाव. एकच लिंबू चारदा विकलं जातं कारण घेणारा प्रत्येक जण ते परत देतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो शेतातलं आणतो, ज्याच्याकडे शेत नाही तो पैसे आणतो, संध्याकाळी सगळ्यांच्या घरी कोणाची तरी भाजी शिजते. असं होतं म्हणजे.

यंदा कमिटीने प्रमुख पाहुणे बोलावले. एक प्लॉटिंगवाले शेठ. नाव घेत नाही, तुमच्याकडेही एक असतीलच. बाहेरचे नाहीत हो, बाप्तिस्मा आमच्याच मंडळीतला, नाताळला येतात, कमिटीच्या इलेक्शनला येतात. त्यांनी ५१ हजारांची नवीन साऊंड सिस्टीम दिली, प्रत्येक स्पीकरवर सप्रेम भेटीचा स्टीकर त्यांच्या नावासकट.

तर पाहुणे आले की त्यांना बसवायचं कुठे? खुर्ची वेदीजवळ टाकली तर पाळकसाहेबांना अवघड होतं. मग डावीकडून दुसरा बाक बघायचा, कडेची जागा, बरोबर पंख्याखाली. तिथे एक म्हातारी बसलेली असेल. माझी आत्या समजा. चौऱ्याहत्तर वय, मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेली, अर्ध्या मंडळीच्या बाळंतपणाला ती होती. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कडेला बसते म्हणजे पाय वाटेत लांब करता येतो. तिला उठवा. उठवायला तिच्या जवळच्याच कोणाला तरी पाठवा, म्हणजे ती नाही म्हणत नाही. 'आत्या, जरा मागं बसतेस का, पाहुणे आलेत.' ती म्हणेल, 'बसते की, मला काय, मागं पण आवाज येतोय.' आणि काठी शोधेल. मागे चपलांच्या रॅकशेजारी प्लास्टिकची खुर्ची द्या. मागचा स्पीकर अजून जोडलेला नसतो, तो भाग वेगळा.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्या दिवशी वाचायला ठेवू नका. सोन्याची अंगठीवाला सभेत आला की त्याला चांगली जागा आणि गरिबाला तिकडे उभा राहा, असलं काहीतरी त्यात आहे, उगाच वातावरण बिघडतं.

पुढे लिलाव. शेठना दुसरा कार्यक्रम असतो त्यामुळे पहिला केक त्यांच्यासाठी काढा, ज्यावर आयसिंगने वचन लिहिलंय तो. एकवीस हजार, टाळ्या, फोटो, कमिटीसोबत फोटो, महिला मंडळासोबत फोटो, केक हातात धरून धरून वचनातला 'प्रीती' शब्द घसरून बोर्डावर आला तरी फोटो. मग वेळ संपतो. मग बाकीचं एकत्र करा, तीन भोपळे, वांगी, गवार, एका गोणीत, साडेतीनशे, एकवार दोनवार तीनवार, संपलं. त्या तीन भोपळ्यांतला एक आत्याचा होता. स्वयंपाकघराच्या पत्र्यावर चढवलेला वेल, ऑपरेशननंतर खाली बसता येत नाही म्हणून शेजारच्या पोराकडून पाणी घालून घेतलेला. दरवर्षी 'सिस्टरबाईंचा भोपळा' म्हणून पुकारा व्हायचा, लोक मुद्दाम बोली वाढवायचे, ती तोंडाला पदर लावून हसायची. यंदा गोणीत गेला.

आणि मग यादी वाचायची. मोठ्या आकड्यापासून खाली. एकवीस हजार, अकरा हजार, पाच हजार एक, प्रत्येकाच्या नावाआधी आदरणीय. पाचशेच्या खाली गेलं की म्हणायचं, 'आणि इतर बंधुभगिनी'.

पैसा कुठून आला हे विचारायचं नसतं बरं का. शेठनी एनए (बिगरशेती) न झालेले प्लॉट ज्यांना विकले त्यातली दोन घरं आमच्याच मंडळीतली आहेत, सातबाऱ्यावर नाव लागायची वाट बघतायत, मागच्याच ओळीत बसतात, त्या दिवशी आत्याच्या बाजूला होती. यहूदाने प्रभूला विकून घेतलेले ते तीस रुपये मंदिरात फेकले तेव्हा मुख्य याजकांनी, ज्यांनी स्वतः प्रभूला धरून दिलं त्यांनी, काय म्हणावं? हे रक्ताचं मोल आहे, दानकोशात टाकणं योग्य नाही. परदेशी लोकांना पुरायला कुंभाराचं शेत घेतलं त्याचं. त्यांना सुद्धा कुठेतरी लाज होती. आमच्या कमिटीने त्याच दिवशी पावती फाडली असती आणि यहूदाला पुढच्या वर्षी प्रमुख पाहुणा केला असता.

तर अशा पद्धतीने, सोप्या पायऱ्यांनी,

नाही. जाऊ दे. जमत नाहीये मला हे गंमतीत लिहायला.

तो जवळचा माणूस मी होतो. मी कमिटीवर आहे. सेक्रेटरीने नुसती मान हलवली आणि मी गेलो, माझ्या सख्ख्या आत्याला उठवलं, तिची काठी मीच दिली हातात, आणि मला त्या वेळेला काहीही वाटलं नाही, पाहुणे वेळेत बसले याचं बरं वाटलं उलट.

दुपारी वेस्ट्रीत, चर्चच्या मागच्या खोलीत, मोजणीला बसलो. पाकिटं फोडायची, आकडा सांगायचा, पाकीट बादलीत. एक पाकीट माझ्या हातात आलं, दवाखान्याच्या जुन्या कागदाचं घरीच चिकटवलेलं, आत शंभराच्या दोन नोटा. मागे बॉलपेनने लिहिलेलं, 'गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाले. प्रार्थनेला गुडघे टेकता येत नाहीत पण चालता येते. उपकारस्तुती.' नाव नाही. अक्षर ओळखीचं, लहानपणी तापाच्या गोळ्यांच्या पुडीवर सकाळ संध्याकाळ लिहिलेलं बघितलंय. कॅशियर म्हणाला, किती? मी म्हणालो, दोनशे. तो म्हणाला, इतर.

अरे, हंगामाचा सण उपकारस्तुतीचा असतो ना? अख्ख्या दिवसात उपकाराचं एक वाक्य त्या पाकिटावर होतं आणि ते बादलीत गेलं. प्रभू दानपेटीसमोर बसून बघत होता, मार्क बाराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, बसून बघत होता कोण कसं टाकतंय ते. विधवेच्या दोन टोल्या, अगदी दमडीची नाणी, त्याने शिष्यांना बोलावून दाखवल्या. तुम्ही त्याच अध्यायावर दरवर्षी प्रवचन देता आणि माईक हातात आला की आकडे वरून खाली वाचता. शरम वाटत नाही? ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिन पाळता, १५१७ साली लूथरने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकणाऱ्यांना कसं सुनावलं ते पोरांना सांगता, आणि इथे ५१ हजारात माणसाला पंख्याखालची जागा विकता. चिठ्ठी नाही म्हणून काय झालं, स्टीकर आहे की. ना. वा. टिळक याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात राबले, १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगारावर पाणी सोडलं, पुढे दोन वर्षांत गेले. त्यांची पदं आपण त्या दिवशी गायली, डोळे मिटून, शेठच्या साऊंडवर.

आणि शेठला शिव्या घालून मोकळे होऊ नका, कमेंटमध्ये तेच करणार आहात तुम्ही, माहितेय मला. शेठने कोणाला उठ म्हटलं नव्हतं. त्याला कुठेही बसवलं असतं तर तो बसला असता, पुढे नेऊन आपण बसवला. जक्कय जकातदाराने तर अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलं होतं त्यांचं चौपट परत केलं, त्याला प्रभू घरी जाऊन भेटला म्हणून. आपल्यापैकी कोण गेलं शेठकडे त्या दोन घरांच्या सातबाऱ्याचं बोलायला? मी गेलो नाही. पाळकसाहेब गेले नाहीत. वर्गणी मागायला मात्र आम्ही पाच जण गेलो होतो, चहा घेतला, बिस्किटं पण खाल्ली.

कमिटीच्या ग्रुपवर काल लिहिलं की पुढच्या वर्षीपासून आकडे वाचायचे नाहीत, पाकिटावरच्या उपकारस्तुती वाचायच्या. दोन अंगठे आले आणि एक हात जोडलेला. सेक्रेटरीने नाताळच्या पाहुण्यांची यादी टाकली.

येत्या रविवारी मी साडेआठलाच जाणार आहे. डावीकडून दुसरा बाक, कडेची जागा, रुमाल टाकून बसतो आत्या येईपर्यंत. कोणाला उठवायचं असेल तर मला येऊन उठवा.